काचा कुणी बदलल्या

बुधवार, २ सप्टेंबर

दादा,

फोनवर विचारलं की तू हसून विषय बदलतोस, म्हणून लिहिते आहे. आधी काय घडलं ते क्रमाने:

१. मार्चमध्ये तुमच्या चित्रकारांच्या गटाने बर्फाचा बंद कारखाना मागितला, तेव्हा आमच्या बांधकाम विभागाने मला पाहणीला पाठवलं. इमारत ठीक होती. आवाराच्या मागच्या उंच भिंतीला मात्र तिरकी भेग होती.

२. त्या भेगेवर मी पाच काचपट्ट्या बसवल्या. पातळ काच, दोन्ही टोकांना सिमेंट. भिंत हलली तर काच फुटते. तिचा दुसरा काही उपयोग नसतो.

३. एप्रिलमध्ये माझी बदली पुलांच्या कामावर झाली. जुलैत माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्याने भिंत पाहिली. पाचही काचा अखंड. त्या आधारावर तुम्हाला आवारात लोक जमवायची परवानगी मिळाली.

४. काल तू बोलावलंस म्हणून त्या भिंतीवरचं तुमचं चित्र बघायला आले. पाचही काचा आजही अखंड आहेत.

५. त्या माझ्या काचा नाहीत. मी प्रत्येकीच्या कोपऱ्यात काच कापायच्या हिरकणीने तारीख कोरली होती. या कोऱ्या आहेत.

माझा प्रश्न एकच आहे. जुन्या काचा काढल्या तेव्हा त्या फुटलेल्या होत्या की धड होत्या?

पुढच्या शनिवारी, बारा तारखेला, उद्घाटन आहे. खुर्च्या भिंतीला लागून मांडलेल्या मी पाहिल्या. उत्तर लिहूनच दे. हे पत्र तुझ्या ब्रशांच्या डब्याखाली ठेवून जाते आहे.

– मी


शुक्रवार, ४ सप्टेंबर

प्रिय मोजपट्टी,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी लहानपणी केकसुद्धा पट्टी लावून कापायची, आणि तरी सगळ्यात लहान तुकडा स्वतः घ्यायची." हे कौतुक आहे की तक्रार, ते तू आणि तुझी मामी बघून घ्या.

अगं, काचा बदलल्या, त्यात एवढं काय? भिंत घासली, गिलावा केला, प्राइमर मारला. त्या धबडग्यात जुन्या निघाल्या, नव्या लावल्या. त्या काचांचा अर्थ असा काही असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं का? तुमच्याच ऑफिसचा माणूस येऊन बघून गेला, मान डोलावून गेला. आता तू पुलांवरून खाली उतरून भिंतीकडे का बघतेस?

रागावू नकोस. पण जरा आमच्या बाजूने बघ. दोन वर्षांपूर्वी या शहरात चित्र म्हणजे काय होतं? कलादालनात वर्षातून दोनदा तेच धुक्यातले डोंगर, उद्घाटनाला तीच वीस माणसं, आणि बिस्किटं संपली की दालन रिकामं. आता बाजारात चक्कर मार. आमच्या पोरापोरींनी शटरं रंगवल्यापासून दुकानदार दुकान लवकर बंद करतात, लोकांना चित्र दिसावं म्हणून! बस डेपोच्या भिंतीखाली लोक उगाच एक बस सोडतात. आणि कलादालनाच्या संचालिकाबाई, ज्यांनी माझी चित्रं गुंडाळी न सोडताच परत केली होती, त्या गेल्या आठवड्यात परांचीखाली उभ्या राहून मला "अहो" म्हणाल्या. मला! मी मागे वळून बघितलं, कुणाला म्हणतायत म्हणून.

बारा तारखेला, उद्घाटनाला, महापालिकेची समिती येतेय. कारखाना आमच्याकडे राहणार की पाडून तिथे गाड्या उभ्या करणार, ते त्या दिवशी ठरेल. जागा गेली तर या पंधरा जणांतले निम्मे महिनाभरात दुसऱ्या शहरात असतील, उरलेले लग्नाच्या पत्रिका छापतील. हे मी वाढवून सांगत नाहीये.

आई पहिल्या रांगेत बसणार आहे. तुझ्यासाठीही खुर्ची ठेवलीय. आणि एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात चित्राबद्दल एक शब्द नाही. धन्य आहे!

तुझा दादा


शनिवार, ५ सप्टेंबर

दादा,

चित्राबद्दल: समुद्राच्या तळाशी आपलंच शहर, ही कल्पना मला आवडली. बसची पाणबुडी आवडली. ऑक्टोपस न्हावी सगळ्यात जास्त आवडला. त्याच्या आठ कात्र्यांपैकी डावीकडून तिसरी उलटी धरली आहे, तेवढी बघा.

बाकी पत्राबद्दल: तू सगळ्याची उत्तरं दिलीस, मी विचारलेल्या प्रश्नाचं सोडून. "जुन्या निघाल्या" असं लिहिलंस. कशा निघाल्या, ते लिहिलं नाहीस.

काचांचा अर्थ तुम्हाला कुणी सांगितला नव्हता, असंही लिहिलंस. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

अखंड काच काढून दुसरी अखंड काच लावली असेल तर फार बिघडलं नाही. मी नव्याने बसवीन, वाट बघू. पण फुटलेली काढून अखंड लावली असेल, तर जुलैतला माझा सहकारी ज्या भिंतीकडे बघून गेला ती भिंत खरी नव्हती. तो हुशार मुलगा आहे. त्याने काच बघितली, काचेने त्याला खोटं सांगितलं.

गटातलं काच कापायचं काम कोण करतं? फ्रेमच्या दुकानात काम केलेली एक मुलगी तुमच्याकडे आहे, असं मामी एकदा म्हणाली होती. तिला माझं पत्र दाखव. नसेल दाखवायचं, तर मला तिचा पत्ता दे.

कात्रीचं मी खरंच म्हणते आहे.

– मी


सोमवार, ७ सप्टेंबर

ताई, नमस्कार.

आपण भेटलो नाही. मला गटात सगळे खारूताई म्हणतात, कारण परांचीवर सगळ्यात वर मीच असते. दादा म्हणाला होता, तुम्हाला लिहू नकोस, तो बघतो. पण तुमचं पत्र त्याच्या टेबलावर उघडं होतं आणि त्यात माझ्याबद्दल होतं, म्हणून वाचलं. माफ करा.

काचा मी बदलल्या.

आमच्या गटात एक रीत आहे. ज्या भिंतीवर काम करायचं, तिथे आधीपासून जे काही असेल त्यातली एक गोष्ट ठेवायची. ती मोडकी असेल तर आधी ती नीट करायची, मगच आपला रंग उघडायचा. डेपोच्या भिंतीवर कुणा मुलांनी कोळशाने काढलेले स्टंप होते, ते आम्ही ठेवले, पुसट झालेला मधला स्टंप मी पुन्हा ओढला. या भिंतीवर ठेवण्यासारखं काही नव्हतं, या पाच काचा सोडून. मला वाटलं, आमच्या आधी इथे कुणी काहीतरी करत होतं. काचा एका ओळीत नव्हत्या, भेगेच्या वळणाने वर चढत गेल्या होत्या. मला ते फार सुंदर वाटलं. कुणीतरी भेगेला टाके घातलेत, असं.

मे महिन्यात आम्ही भिंत घासायला घेतली तेव्हा त्यातल्या तीन फुटलेल्या होत्या. मला वाईट वाटलं. मी दुकानातून तशीच पातळ काच आणली, कापली, कडा घासल्या आणि तुमच्यासारखंच सिमेंट लावून बसवली. बाकी दोनही बदलल्या, सगळ्या सारख्या दिसाव्यात म्हणून.

ताई, पुढचंही सांगते. मधली काच पुन्हा फुटली. मी पुन्हा लावली. जुलैत ती पुन्हा फुटली. आम्ही हसायचो, म्हणायचो ही बाई फार हळव्या मनाची आहे, जरा ऊन लागलं की तडकते. ऑफिसचे साहेब यायच्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, फुटकी बरी दिसत नाही, बदलून टाक. मी बदलली, आणि त्यानंतरही दोनदा. तुमचं पत्र वाचेपर्यंत मला कळलं नव्हतं की ती काय सांगत होती.

तुमचे जुने तुकडे मी टाकले नाहीत. ते पाणबुडीच्या खिडक्यांत बसवलेत. दुसऱ्या खिडकीत तुमची तारीख आहे, उन्हात वाचता येते.

मला महापालिकेच्या शाळेत चित्रकलेची जागा मिळाली आहे, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. घरी सगळे खूश आहेत. हे तुम्हाला का सांगतेय माहीत नाही. काय करायचं ते सांगा. मी करीन.

खारूताई


सोमवार, ७ सप्टेंबर, संध्याकाळ

दादा,

मुलीने मला लिहिलं. तिच्यावर चिडू नकोस. तुझ्यापेक्षा तिचं पत्र सरळ आहे.

आज दुपारी तू नसताना मी आवारात येऊन गेले. ओळंबा लावला. भिंतीचा माथा पायापेक्षा सात सेंटिमीटर पुढे आला आहे, तुमच्या खुर्च्यांच्या बाजूला. मार्चमध्ये तो दोनच पुढे होता. मग मागच्या गल्लीत गेले. शेजारच्या प्लॉटवाल्याने भिंतीला टेकवून माती भरली आहे, पुरुषभर उंच. ती माती भिंतीला ढकलते आहे. तुमचा यात काही दोष नाही. चित्रामुळे भिंत झुकलेली नाही.

आता दोन रस्ते आहेत. जागा वापरणाऱ्यांनी स्वतः विभागाला कळवलं, तर विभाग भिंतीला टेकू देतो, तेवढा भाग बंद ठेवतो, आणि प्लॉटवाल्याला माती काढायला लावतो. बाहेरच्या कुणी कळवलं, तर आधी फाटकाला कुलूप लागतं आणि मग चौकशी होते. नियम असा का आहे, मला विचारू नकोस. मी केलेला नाही.

म्हणून तू कळव. उद्घाटन आतल्या शीतगृहात घे. त्या भिंती हत्तीने धडक दिली तरी हलणार नाहीत. समितीला चित्र फाटकातून दाखव.

आणि कळवायच्या आधी, म्हणजे आत्ता, खुर्च्या उचल. दोरी बांध. भिंतीच्या उंचीइतक्या अंतराच्या आत कुणीही जाता कामा नये. परांचीवर तर नाहीच.

बुधवारी संध्याकाळपर्यंत तू कळवलं नाहीस, तर गुरुवारी सकाळी मी कळवीन.

– मी


बुधवार, ९ सप्टेंबर

मोजपट्टी,

खुर्च्या उचलल्या नाहीत. दोरी बांधलीय, आईच्या समाधानासाठी. तू तिच्या कानावर घातलंस ना? काल दिवसभर घरात माझ्याकडे असं बघत होती, जणू मी कुणाचा खून करून आलोय.

तू म्हणतेस तसं शीतगृहात करून चालणार नाही. समितीतले लोक चित्र बघायला येत नाहीत, गर्दी बघायला येतात. भरलेलं आवार, त्यामागे भिंतभर समुद्र, हे एकदा त्यांच्या डोळ्यांत बसलं की ते 'नाही' म्हणू शकत नाहीत. फाटकातून दाखवलेलं चित्र म्हणजे आजारी माणसाला खिडकीतून दाखवलेलं लग्न. आणि भिंतीला टेकू लावले की दुसऱ्या दिवशी पेपरात काय येईल? "धोकादायक जागेत चित्रकारांचा अड्डा." संपलं.

साठ वर्षं उभी आहे ती. दोन तास अजून उभी राहील. सोमवारी सकाळी मी स्वतः तुझ्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसतो, तूच मला आत ने.

बरं, तुला खरं हवंय ना? घे. मला माहीत होतं. मार्चमध्ये तू शिडीवर होतीस आणि शिडी मी धरली होती. तूच वरून ओरडून सांगितलंस, "ही फुटली तर मला लगेच फोन कर, रात्र असो की दिवस." मे महिन्यात खारीने फुटक्या काचा दाखवल्या तेव्हा मला ते आठवलं. मी फोन हातात घेतला होता. मग वाटलं, तुला केला तर तू येशील, मोजशील, कागद करशील, आणि आमचं काम सुरू व्हायच्या आधीच बंद पडेल. तू माझी बहीण आहेस म्हणून काही सोडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून नाही केला. पोरगी काचा जोडत होती, मी जोडू दिल्या. साहेब यायच्या सकाळी मीच तिला बदलायला सांगितलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

आता तरी माझ्यावर एक उपकार कर. गुरुवार, शुक्रवार, शनिवार गप्प बस. आयुष्यात एकदा काही मोजू नकोस.

दादा


सोमवार, १४ सप्टेंबर

भिंत उभी आहे.

शनिवार गेला, रविवार गेला, आज सोमवार. मी आत्ता फाटकाबाहेर उभा राहून बघून आलो. एक वीट हललेली नाही. फाटकाला तुमच्या विभागाचं कुलूप आहे आणि आत तीनशे खुर्च्या रिकाम्या आहेत. समिती रस्त्यावर पाच मिनिटं थांबली. संचालिकाबाई म्हणाल्या, "वाईट झालं," आणि गाडीत बसल्या. या वेळी अहोजाहो नाही.

पोरांनी कुलपाबाहेर, फुटपाथवर खडूने अख्खा समुद्र काढला. रात्रीपर्यंत लोक थांबून बघत होते, गाड्या वळसा घालून जात होत्या. तू आली नाहीस. आलीही असशील, तर दिसली नाहीस.

आई म्हणते, तू बरोबर केलंस. घरात दोन मतं आहेत, एवढं तुला कळावं म्हणून लिहितोय.

बाकी काही लिहायचं नाही.


मंगळवार, १५ सप्टेंबर

दादा,

मी आले होते. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. फुटपाथवरच्या समुद्रात ऑक्टोपसची तिसरी कात्री सरळ होती.

भिंत उभी आहे, हे मलाही दिसतं. ती पडली असती तर माझं बरोबर आणि उभी राहिली तर तुझं, असा हिशेब मी करत नाही. गुरुवारी कुलूप लावायला आलेल्यांबरोबर मी त्या भेगेवर नवी काच बसवली. काल संध्याकाळी ती फुटलेली होती. टेकू आज लागले. माती काढायचं काम उद्या सुरू होईल. त्यानंतर भिंतीचा वरचा भाग उतरवायचा की नाही, ते ठरेल. चित्राचा खालचा दोनतृतीयांश भाग राहण्याची शक्यता आहे, असं मी अहवालात लिहिलं आहे. तिथे शक्यता हा शब्द मी सहसा वापरत नाही.

समितीने नकार दिलेला नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे, हे मी टिपणीत वाचलं. इमारत सुरक्षित आहे, हेही त्यांच्याकडे लेखी गेलं आहे. फुटपाथवरच्या चित्राचा फोटो त्यांच्यापैकी एकाने स्वतःहून टिपणीला जोडला आहे. तुला वाटतं तेवढं काही संपलेलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते.

चौकशीत पहिला प्रश्न असा आहे की पाहणीच्या आधी काचा कुणी बदलल्या. काल सकाळी खारूताई न बोलावता ऑफिसात आली आणि माझ्या सहकाऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी बदलल्या, माझ्या मनाने बदलल्या, मला कुणी सांगितलं नव्हतं." मी शेजारच्या टेबलावर होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. सहकाऱ्याने तिला पाणी दिलं. तिचा जबाब अजून लिहून घेतलेला नाही. मीच त्याला म्हणाले, शुक्रवारपर्यंत थांब. का ते सांगितलं नाही.

तिचं नाव चौकशीत गेलं तर शाळेतली जागा जाईल. तुझं गेलं तर जागेच्या अर्जावर तुझं नाव राहू शकणार नाही. गटाला कारखाना मिळाला तरी तो तुझ्या नावावर मिळणार नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात किल्ली जाईल, आणि तू तिथे बाकी पंधरा जणांसारखा ब्रश घेऊन जाशील. याची किंमत तुला किती आहे, ते मला कळतं. तुला वाटतं, मला कळत नाही.

तुझं नऊ तारखेचं पत्र माझ्याकडे आहे. ते मी कुणाला दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही. ते तू बहिणीला लिहिलं होतंस. पण मला विचारलं गेलं, तर मला माहीत असलेलं मी सांगेन. तूच म्हणालास, मी काही सोडणार नाही. ते खरं आहे.

शिडी तू धरली होतीस, हे मी विसरले नव्हते. पहिल्या पत्रात क्रमाने सगळं लिहिलं, तेवढं लिहिलं नाही. ते तू लिहावंस, असं मला वाटत होतं. तू लिहिलंस, पण मला. आता तेच विभागाला लिही. दोन ओळी पुरतात. माझ्या सहकाऱ्याच्या नावाने दे, माझ्या नको.

मामीला यातलं काही मी सांगितलेलं नाही. दोरीचंही नाही. पहिलं पत्र तूच तिला वाचून दाखवलं होतंस, त्यावरून तिला काय कळायचं ते कळलं असेल.

तू लिहिणार आहेस की नाही, ते मला शुक्रवारी, अठरा तारखेला, दुपारी बाराच्या आत लेखी कळव.

– मी